सान्तोरिनीची गुहागृहे

एजियन समुद्रातील सान्तोरिनी बेटावर, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या प्रचंड स्फोटाने भूमीचा मध्यभाग समुद्रात गडप होऊन जे उभे कडे शिल्लक राहिले, त्यांना बिलगून असलेली शुभ्र घरे आज जगभरच्या प्रवाशांची विश्रांतिस्थाने झाली आहेत. परंतु ती प्रवाशांसाठी बांधलेली नव्हती, टंचाईशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजणाऱ्या खलाशांनी व द्राक्षमळेकऱ्यांनी ती स्वतःसाठी कोरली होती, आणि त्यांच्या सुखदपणाचे मर्म या मूळच्या काटकसरीतच आहे.

बेटावर इमारती लाकूड नाही, वाहती नदी नाही. विपुल आहे ती ज्वालामुखीची राख. चुन्यात ती कालवली असता पाण्यातही घट्ट होणारा गिलावा सिद्ध होतो, आणि याच गुणामुळे सुवेझ कालव्याच्या बांधकामासाठी ती येथून जहाजे भरभरून नेण्यात आली. कड्याच्या मऊ थरांत खोल गुहा खोदावी, तुळईवाचून पेलणारी कमानदार छते घालावीत, दर्शनी भिंतीत मध्ये दार, दोहो बाजूंस एकेक खिडकी व दारावर झरोका ठेवावा, आणि आतल्या आडभिंतीतही हीच रचना करून मागच्या अंधाऱ्या शेजघरापर्यंत उजेड पोचवावा, असा येथील दस्तूर. सभोवार कड्याचेच आवरण असल्यामुळे ही घरे उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार राहतात. त्याच थंडाव्याचा लाभ घेऊन कोरलेल्या 'कानावा' नामक मद्यशाळांत द्राक्षे पायांनी तुडवून रस पिंपांत साठवीत. आता त्यांपैकी काहींतही पाहुणे उतरतात.

माथ्यावरील मळ्यांत वेलींना मांडव नसतो. सोसाट्याच्या वाऱ्यापासून घडांचे रक्षण व्हावे म्हणून शेतकरी फांद्या जमिनीलगत वर्तुळाकार गुंफीत जातो, आणि पक्ष्याच्या घरट्यासारख्या त्या वेटोळ्यात, ज्याला तेथे 'कुलूरा' म्हणतात, आसिर्तिको जातीच्या द्राक्षांचे घड वाढतात. रात्रीच्या धुक्याचा ओलावा सच्छिद्र प्युमिस दगड शोषून ठेवतो; आणि मातीत चिकणमातीचा अंश अत्यल्प असल्याने, युरोपचे मळे उद्ध्वस्त करणारी फिलॉक्सेरा कीड येथे रुजलीच नाही, म्हणून येथील वेली आजही स्वतःच्याच पुरातन मुळांवर उभ्या आहेत. ऑगस्टमध्ये खुडणी होते, आणि उन्हात सुकविलेल्या द्राक्षांपासून 'विनसान्तो' हे मधुर मद्य तयार होते.

९ जुलै १९५६ रोजीच्या भूकंपाने ही वस्ती उद्ध्वस्त केली; पन्नासाहून अधिक माणसे दगावली, आणि असंख्य कुटुंबांनी घरेदारे सोडून अथेन्सची वाट धरली. पुढे १९७० नंतरच्या दशकात ग्रीसच्या सरकारी पर्यटन खात्याने पारंपरिक वस्त्यांच्या जतनाची योजना हाती घेऊन इया गावातील ओसाड गुहागृहे दुरुस्त केली आणि अतिथिगृहे म्हणून चालविली. नवे हॉटेल उभारण्याऐवजी जुन्याच मिळकतींना पुन्हा नांदते करण्याची ही तजवीज आदर्शवत् मानावी लागेल.

तथापि या यशाचेच ओझे आता बेटाला पेलवेनासे झाले आहे. पावसाच्या पाण्याच्या टाक्यांवर निर्वाह करणाऱ्या भूमीत कड्याकड्याला स्नानकुंडे झाली, समुद्राचे पाणी गोडे करण्याचे कारखाने आले, आणि बांधकामाच्या हव्यासापायी द्राक्षांची जमीन आक्रसत चालली. ज्या काटकसरीने ही घरे घडविली तिचा मान राखून मळ्यांच्या जमिनीवरील बांधकामास सक्त मनाई करणे, हेच येथील शासनाचे व निवास चालविणाऱ्यांचे आद्य कर्तव्य होय. कारण वेली गेल्यास येथे उरतील त्या कुठल्याही किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या खोल्या.