सोन्याचे नाक आणि आपली नजर

लग्नाची दावत सुरू आहे. गाव पुसद असो, दिग्रस असो की उमरखेड; मंडपाच्या कोपऱ्यात एखादे चाचा तोंडाला रुमाल लावून बसलेले दिसतात. "घरून जेवून आलो," म्हणतात. त्यांच्या जबड्याचे ऑपरेशन झाले आहे, हे सर्वांना ठाऊक असते. मुले टक लावून पाहतात, मोठी माणसे नजर चुकवतात. पुढच्या लग्नाला चाचा येत नाहीत. जुम्यालाही मागच्या सफेत बसतात आणि सलाम फिरताच निघून जातात.

असे चेहरे आपल्या भागाला अनोळखी नाहीत. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा विदर्भात चौकाचौकात मिळतो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबडा, गाल, टाळू, कधी नाकही काढावे लागते. 2021 मध्ये कोरोनापाठोपाठ काळी बुरशी आली. मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या कित्येक रुग्णांचा वरचा जबडा किंवा डोळा गेला. जीव वाचला, पण माणसांत जायची हिंमत गेली.

अशांसाठी कृत्रिम अवयव बनतात. टाळूला भोक पडले असेल तर ते बंद करणारी, दातांच्या कवळीसारखी पट्टी असते. तिला ऑब्च्युरेटर म्हणतात. ती बसवली की पाणी नाकातून येत नाही आणि बोलणे पुन्हा समजू लागते. नाक, कान, डोळ्याभोवतीचा भाग सिलिकॉनचा करतात. माप घेऊन, रुग्णाला समोर बसवून, त्याच्या त्वचेचा रंग जुळवतात. तो गोंदाने चिकटवतात, हाडात रोवलेल्या टायटॅनियमच्या खुंटांवर बसवतात किंवा चष्म्याला जोडतात. हे काम दंत महाविद्यालयांतील प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात होते. यवतमाळकरांना त्यासाठी वर्ध्याजवळचे सावंगी (मेघे) किंवा नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय जवळचे.

काही घरांत मात्र प्रश्न निघतो : अल्लाहची मर्जी समजून सब्र करावा की हा बनावट चेहरा लावावा? याचे उत्तर हदीसमध्ये आहे. माननीय अरफजा बिन असअद (रजि.) यांचे नाक इस्लामपूर्व काळात कुलाबच्या लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवून घ्यायला सांगितले. अबू दाऊद, तिर्मिजी आणि नसाई यांच्या संग्रहांत ही हदीस आहे.

पुरुषांना सोने वापरणे मना आहे, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. तरीही एका माणसाला चारचौघांत नीट वावरता यावे म्हणून तिथे परवानगी मिळाली. 'जीव तर वाचला, नाकाचे काय एवढे?' असे त्यांना कोणी सुनावले नाही. पहिले नाक त्रास देते म्हटल्यावर दुसरे, अधिक चांगले सुचवले गेले. म्हणून कृत्रिम अवयव लावणे म्हणजे नखरा नव्हे. तो इलाजाचाच भाग आहे.

अडचणी आहेतच. यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसकडे जातो. घामाने गोंद सुटतो, उन्हाने आणि धुळीने रंग उडतो. सिलिकॉनचा अवयव साधारण वर्ष-दोन वर्षांत पुन्हा करावा लागतो. त्यामुळे खर्च एकदाच होत नाही, हे घराने आधीच धरून चालावे. सरकारी योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. रुग्ण जकातीस पात्र असेल तर जकात देताना या इलाजाचीही आठवण ठेवावी. रात्री अवयव काढून साध्या साबणाने धुवावा, त्वचेला आराम द्यावा. खाली लाली, जखम किंवा गाठ दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवावी. वजू आणि गुस्लच्या वेळी तो काढावा की नाही, हे डॉक्टरांचे म्हणणे सांगून आलिमांना विचारून घ्यावे.

एवढे करूनही अर्धे काम उरते, आणि ते आपल्याकडे आहे. सिलिकॉनचे नाक हसताना हलत नाही. जवळून पाहिले तर कडा दिसते. ती कडा शोधत बसणारी नजर असेल, तर सर्वांत उत्तम नाकही माणसाला घराबाहेर काढू शकत नाही. बोलणे अस्पष्ट वाटले तर "काय म्हणालात?" असे सरळ विचारावे, समजल्याचे सोंग करू नये. मुलांना ओढून बाजूला नेण्यापेक्षा "चाचा आजारी होते, आता बरे आहेत," एवढे सांगावे. आपा किंवा भाभीच्या चेहऱ्याचे ऑपरेशन झाले असेल, तर तिच्या मुलीच्या स्थळाच्या बोलणीत तिला आतल्या खोलीत बसवू नये. आई आहे ती.

घरात कोणी अजून खर्रा खात असेल तर आजच त्याच्यापुढे हा विषय काढा. आणि पुढच्या दावतीत चाचांसाठी मऊ खिचडी वेगळी काढून ठेवा. ती वाढून त्यांच्या शेजारीच जेवायला बसा.