व्ह्यूफाइंडरमधली काच कुठली घ्यावी?

फोकसिंग स्क्रीनची परीक्षा घ्यायची तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातलं कान्हेरीचं तीन नंबरचं लेणं गाठावं. चैत्यगृहात दगडी खांबांच्या रांगा आणि उजेड बेताचा. फिल्मचा एसएलआर डोळ्याला लावला की फोकस बसला की नाही ते चटकन कळत नाही, आणि खांब सरळ येताहेत की कलताहेत तेही उमगत नाही. दोन्ही तक्रारी एकाच स्क्रीनने मिटत नाहीत.

आरशावरून वर फेकलेलं चित्र ज्या मॅट तुकड्यावर उमटतं, ती फोकसिंग स्क्रीन. बोलताना आपण त्याला काच म्हणतो, पण बहुतेकदा ते प्लास्टिक असतं. लेन्सपासून फिल्मचं अंतर आणि आरशामार्गे स्क्रीनचं अंतर तंतोतंत सारखं लागतं. दुसऱ्या कॅमेऱ्याची स्क्रीन कापून बसवताना नेमकी इथेच गफलत होते.

१९८२ च्या निकॉन एफएम२ साठी तीन स्क्रीन निघाल्या. नेहमीची के२: मधोमध स्प्लिट (फोकस सुटला की इथे चित्र तुटलेलं दिसतं), भोवती मायक्रोप्रिझमचं कडं. ५० मिमी १.८ लेन्सने लग्नसमारंभ किंवा पोर्ट्रेट करणाऱ्याला हिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. पण ५.६ किंवा त्याहून मंद टेलिफोटो लावली की स्प्लिटचा अर्धा भाग काळा पडतो. पक्षी टिपणाऱ्याने म्हणून साधी मॅट बी२ घ्यावी. कान्हेरीचे खांब, गिरगावातल्या चाळी किंवा कागदपत्रांच्या कॉपीसाठी उभ्या-आडव्या रेघांची ई२. पेंटॅक्स के१००० वाल्यांना हा पर्यायच नाही. त्याची स्क्रीन पक्की बसवलेली असते.

‘जास्त उजळ ती चांगली’ हा हिशेब मात्र फसवा आहे. मॅट जितकी बारीक, तितकं चित्र लख्ख दिसतं, पण फोकस सुटल्याचं तितकं ठळक जाणवत नाही. शिवाय १९७८ च्या निकॉन एफई मध्ये मीटरचे सेल आयपीसशेजारी असतात; ते स्क्रीनवरचाच उजेड मोजतात. त्यात नंतरची के२ घातली तर मीटरला उजेड एक तृतीयांश स्टॉप जास्त वाटतो आणि फिल्म तेवढी अंडर जाते. ४०० ची फिल्म ३२० वर लावली की हिशेब जुळतो. निकॉन एफ३ मध्ये सेल आरशाखाली असल्याने ही भानगड नाही.

एफएम२ किंवा एफई मध्ये स्क्रीन बदलायचं काम सोपं, पण हात हलका हवा. लेन्स काढायची, माउंटच्या आत वरच्या कडेचा खटका चिमट्याने पुढे ओढायचा. चौकट खाली येते. स्क्रीन तिच्या कानाला धरून उचलायची, नवी ठेवायची, चौकट टक् वाजेपर्यंत वर दाबायची. बोट ना स्क्रीनला लावायचं, ना आरशाला. धूळ ब्लोअरनेच उडवायची. स्पिरिटचा बोळा फिरवाल तर स्क्रीन गेलीच समजा.

फोर्टच्या बोरा बाजारात जुनी स्क्रीन मिळाली तर उजेडासमोर तिरकी धरून ओरखडे आणि बुरशी बघावी. बसवल्यावर लेन्स अनंतावर लावून मुलुंडच्या गच्चीवरून लांबची डोंगराची कड पाहावी. स्प्लिटमध्ये ती तुटलेली दिसली, तर चूक लेन्सची की स्क्रीनची, ते दुसरी लेन्स लावून ठरवावं.

आणि खरेदीआधी आरशाच्या वरचा स्पंज तपासावा. आपल्या दमट हवेत तो चिकट होऊन काळे कण सोडतो. पुष्कळदा ‘खराब’ स्क्रीनवर हेच कण पडलेले असतात. आधी स्पंज बदलला नाही, तर नवी स्क्रीनही तशीच होणार.