मुक्या जिवाचा रोजमेळ

नांदगाव तिठ्यावरचे एखादे जुने दुकान डोळ्यांसमोर आणावे. पुढे दुकान, मागे घर. एका अंगास देवगडचा रस्ता, दुसऱ्या अंगास फोंडा घाटाची वाट. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईस शिकणारा मुलगा नांदगाव रोड स्थानकावर उतरतो, तो हातात एक छोटा पिंजरा घेऊनच. पिंजऱ्यात राखी रंगाचा, मोठ्या कानांचा, खारीसारख्या झुपकेदार शेपटीचा एक जीव असतो. ‘हा चिंचिला आहे, मित्राला सांभाळता येईना म्हणून आणला,’ असे तो सांगतो. धाकटी बहीण हरखून जाते, आई कपाळाला हात लावते आणि आजी मात्र त्या जिवापुढे पाण्याची वाटी सरकवते.

दुसऱ्या दिवशी रात्री तो जीव कोपऱ्यात अंग आखडून बसतो. गवताला तोंड लावत नाही. आजी म्हणते, ‘त्याने अन्न सोडले असेल, त्याला त्रास देऊ नका.’ बाबा औषधाच्या डब्यातून मागल्या वेळच्या तापावरच्या गोळ्या काढतात. मुलगा रडवेला होऊन मोबाईलमध्ये डोके घालतो. घरातील प्रत्येकाच्या मनात कळवळा आहे आणि तरीही त्या क्षणी घरातील कोणाचेच त्या जिवाला साहाय्य होत नाही. हे चित्र कल्पनेतले असले, तरी ससा, गिनीपिग किंवा चिंचिला पाळणाऱ्या घरांत थोड्याफार फरकाने ते प्रत्यक्षात घडत असते. म्हणूनच या विषयाचा शांतपणे विचार करावयास हवा.

थंड डोंगरातला पाहुणा

चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा रहिवासी. कोरडी हवा, गार रात्री आणि खडकांच्या कपारी हे त्याचे घर. त्याच्या कातडीतील एकेका रंध्रातून पन्नास-साठ केस उगवतात, आणि या मऊ लोकरीनेच त्याचा घात केला. एका अंगरख्यासाठी शंभराहून अधिक चिंचिला मारले जात. शिकार इतकी वाढली की १९१० मध्ये चिली, बोलिव्हिया, पेरू आणि अर्जेंटिना या देशांना तिच्या बंदीसाठी करार करावा लागला. पुढे १९८३ मध्ये चिलीने इयापेल गावाजवळ त्याच्यासाठी राखीव क्षेत्र स्थापन केले. तरीही रानातील चिंचिला आजही संकटग्रस्तच आहे.

घरात पाळले जाणारे बहुतेक चिंचिला हे मॅथियास चॅपमन या अमेरिकन खाण-अभियंत्याने १९२३ मध्ये कॅलिफोर्नियात नेलेल्या अकरा प्राण्यांचे वंशज मानले जातात. त्याचा हेतू लोकरीच्या व्यापाराचाच होता. आपल्या घरी आलेल्या या जिवाच्या अंगावरील मऊपणामागे एवढा इतिहास आहे, हे जाणले तर त्याच्याकडे खेळणे म्हणून पाहणे आपल्याला जमणार नाही.

कोकणची हवा हेच पहिले दुखणे

चिंचिलाला पंधरा ते वीस अंशांच्या आसपासची कोरडी हवा मानवते. सत्तावीस अंशांच्या पुढे, विशेषतः दमट हवेत, त्याला उष्माघात होऊ शकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा तीस अंशांच्या वर असतो आणि घामाने अंगरखा भिजतो. त्या जिवाला घामही येत नाही. म्हणून नुसता पंखा लावून त्याचे भागत नाही. पाण्याचा कूलर तर हवेतील दमटपणा वाढवतो. वातानुकूलित खोली, उन्हापासून दूर ठेवलेला पिंजरा, बसावयास शहाबादी फरशीचा किंवा कडप्प्याचा गार तुकडा आणि वीज गेल्यास दुसरी काही सोय, एवढे तरी हवेच. पावसाळ्यात वादळाने तारा तुटून वीज तासन् तास जाते, हे कोकणी माणसास सांगावयास नको. ती सोय आधीच करून ठेवावी.

कान लालबुंद होणे, लाळ गळणे, धाप लागणे, कुशीवर पडून राहणे ही उष्माघाताची लक्षणे होत. तसे दिसताच त्याला गार जागी न्यावे, कान व पाय साध्या पाण्याने ओले करावे आणि तत्काळ डॉक्टरांशी बोलावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. अंगाचे तापमान एकाएकी उतरणेही घातक ठरते.

एरवी मात्र त्याला पाण्याने आंघोळ घालावयाची नसते. दाट केस लवकर वाळत नाहीत आणि कातडीस बुरशी लागते. तो आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटे अतिशय बारीक अशा खास धुळीत लोळून अंग स्वच्छ करतो. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावरची वाळू त्यासाठी वापरू नये. ती जाड व खारी असते. पावसाळ्यात त्याच्या गवतालाही बुरशी धरते, म्हणून गवत कोरड्या जागी ठेवावे व वास कुबट आला तर निःसंकोच टाकून द्यावे.

काटा आणि वही

मुख्य मुद्दा आता येतो. ससा, गिनीपिग, चिंचिला हे रानात इतरांचे भक्ष्य असलेले प्राणी. आजारीपणा दाखवणारा आधी पकडला जातो, म्हणून दुखणे लपवणे हा त्यांचा स्वभाव झाला. आपल्या डोळ्यांस आजार दिसू लागतो, तेव्हा तो बहुधा बराच वाढलेला असतो. अशा वेळी नुसती चिंता करणारा मालक दिवसातून दहा वेळा पिंजऱ्यात डोकावतो, जिवाला उठवतो, हाताळतो आणि त्याच्या भीतीत भर घालतो.

व्यापारी घराला यावर उपाय शिकवावा लागत नाही, तो त्याच्या हाडीमासी आहे. दिवसाची विक्री ‘बरी झाली असे वाटते’ म्हणून कोणी पेढी चालवीत नाही. रोजमेळ लिहिला जातो. तसाच या जिवाचा रोजमेळ ठेवावा. स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखवणारा छोटा काटा त्याच्यासाठी वेगळा आणावा. नवा प्राणी असेल किंवा शंका असेल तर रोज, एरवी आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी वजन करून वहीत लिहावे. प्रौढ चिंचिलाचे वजन साधारण चारशे ते सहाशे ग्रॅम असते. पाचशे ग्रॅमच्या जिवाचे पन्नास ग्रॅम घटले, तर तो दहावा हिस्सा झाला. ही गंभीर सूचना समजावी. डोळ्यांना ते पन्नास ग्रॅम दाट केसांखाली कधीच दिसत नाहीत. काटा ते दाखवतो.

वजनाबरोबर आणखी चार नोंदी कराव्यात: गवत किती संपले, पाणी किती गेले, लेंड्या किती व कशा पडल्या, खोलीचे तापमान किती. लेंड्या लहान, कमी किंवा ओल्या होऊ लागल्या की पोटात बिघाड सुरू झाला असे समजावे. हा निशाचर प्राणी आहे. आपल्या घरी सूर्यास्तानंतर ताट मांडले जात नसले, तरी याचे जेवण रात्रीच चालते. तो त्याचा जन्मधर्म आहे. म्हणून रात्रीचे गवत मोजून ठेवावे आणि उरलेले सकाळी पाहावे.

वही भरू लागली की मनही स्थिर होते. ‘काहीतरी बिघडले आहे’ या धास्तीऐवजी ‘तीन दिवसांत बावीस ग्रॅम घटले, लेंड्या निम्म्या झाल्या’ असे वाक्य हाती येते. त्या वाक्यावर डॉक्टर उपचार करू शकतात, धास्तीवर करू शकत नाहीत. आणि वजन स्थिर असेल, तर तीच वही आपल्याला रात्री निजू देते.

न खाणे म्हणजे व्रत नव्हे

आता आजींच्या बोलण्याकडे वळू. त्यांच्या मनात अनादर नाही. अन्नत्यागाकडे आदराने पाहण्याचा संस्कार आहे. पण व्रताला संकल्प लागतो, समज लागते. चिंचिला खात नाही, तो दुखते म्हणून. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात वर्षाला पाच-सात सेंटिमीटर वाढू शकतात. कडक गवत चघळून ते झिजले नाहीत, तर दाढांची टोके जिभेस, गालास टोचतात. कधी पोटाची हालचाल मंदावते, वायू धरतो. या प्राण्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेले बाहेर टाकण्याची वाट त्याला नाही. पोट रिकामे राहिले की आतड्यांचे काम आणखी मंदावते, आणि हे चक्र जिवावर बेतते.

म्हणून बारा तास काहीच खाल्ले नाही व लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. त्यांच्या सल्ल्याने गोळीखाद्य पाण्यात भिजवून, पातळ करून, सिरिंजने थोडे थोडे भरवता येते. पोट ढोलासारखे फुगले असेल, तर मात्र आधी डॉक्टर, मग भरवणे.

घरची गोळी, प्रेमाचा मनुका

बाबांच्या हातातील ती गोळी त्याहून धोक्याची. चिंचिला, ससा, गिनीपिग यांच्या आतड्यांत उपकारक जंतूंची एक वस्तीच असते आणि तिच्यावर त्यांचे पचन चालते. अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी आपल्या ओळखीची प्रतिजैविके तोंडावाटे दिली, तर ही वस्ती उद्ध्वस्त होऊन प्राणी दगावू शकतो. माणसाला, कुत्र्याला किंवा गाईला चालणारे औषध याला चालेलच असे नाही. जाणकार डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक थेंबही देऊ नये.

तीच गोष्ट लाडाची. मुले प्रेमाने मनुका, बदाम, बिस्किट देतात. कोरड्या डोंगरातील खुरट्या वनस्पतींवर वाढलेल्या या जातीला साखर व स्निग्धांश पचत नाहीत. टिमोथीसारखे वाळलेले गवत, मोजके गोळीखाद्य आणि स्वच्छ पाणी हेच त्याचे पंचपक्वान्न. भाताचा पेंढा गवताची जागा घेऊ शकत नाही. गिनीपिगला मात्र क जीवनसत्त्व रोज बाहेरून मिळावे लागते, हा फरक ध्यानात ठेवावा.

डॉक्टर आधी, आजार नंतर

आपल्या भागातील शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्यांसाठी उभे राहिले आणि ते काम मोलाचे आहे. अशा लहान विदेशी प्राण्यांचा अनुभव असलेले डॉक्टर बहुधा मोठ्या शहरांत भेटतात. परळ येथे १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, सातारा जिल्ह्यात शिरवळ येथेही आहे; पण नांदगावहून मध्यरात्री तिथे पोहोचणे शक्य नाही. म्हणून प्राणी ठणठणीत असतानाच चौकशी करावी. कोल्हापूर, पणजी, पुणे किंवा मुंबई येथील कोणते डॉक्टर चिंचिला पाहतात, दूरध्वनीवर आपल्या स्थानिक डॉक्टरांना मार्गदर्शन करतील का, हे विचारून क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. घाटातून नेताना गाडी गार असावी, पिंजऱ्यात गवत असावे आणि वही बरोबर असावी.

कधी उपचारांना यश येत नाही. अशा वेळी प्राण संपवण्याविषयी आपल्या घरांत संकोच असतो. तो डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावा. वेदना कमी करणारी औषधे असतात, ती मागावीत. उपचारही नाही आणि वेदनाशमनही नाही, अशा अवस्थेत जीव तळमळत ठेवणे मात्र कोणत्याही करुणेत बसत नाही.

दयेला हिशेब असतो

१८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी व जैन व्यापाऱ्यांनी दुकाने बंद करून विरोध केला. त्यातूनच १८३४ मध्ये भुलेश्वरची पांजरपोळ उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजे आपले मोतीशा शेठ, हे तिचे आधारस्तंभ. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लागा बसवून तिचा खर्च चालवला. त्या पूर्वजांची दया वहीत उतरली होती. म्हणूनच ती टिकली.

हाच विचार खरेदीआधी करावा. चिंचिला दहा-पंधरा वर्षे, कधी वीस वर्षेही जगतो. एवढी वर्षे कोकणात गार, कोरडी खोली देणे आपल्याला शक्य आहे का? नसेल, तर तो विकत न आणणे हीच त्याच्यावरची दया. पण मित्राकडून, नातलगाकडून तो घरी आलाच असेल, तर तो आता आपला आहे.

तिठ्यावरच्या त्या घरात आजींनी वाटी सरकवली, ती योग्यच होती. त्या वाटीशेजारी आता एक काटा आणि एक वही ठेवावी. वही मुलाने लिहावी, वजन बहिणीने करावे, डॉक्टरांचा क्रमांक बाबांनी मिळवावा आणि सकाळी उरलेले गवत आजींनी पाहावे.