लसीविषयींचा संशय व त्याचीं साधनें : परभणीकडील संग्राहकांस सूचना

ज्या रोगास आपल्या भाषेनें ‘देवी’ हेंच नांव दिलें, त्यावरील लस टोंचण्यासहि मराठींत ‘देवी काढणें’ असेंच म्हणत आले. आणि टोंचणारा सरकारी नोकर खेडोपाडीं ‘देवीचा डॉक्टर’ झाला. एवढ्या शब्दांवरूनच दिसतें कीं, लोकांनीं नवी लस जुन्या श्रद्धेच्या शेजारीं जागा करून घरांत घेतली. असें असतां करोनाच्या लसीसंबंधानें ‘मराठवाड्यांतील लोक अडाणी, म्हणून ते मागें राहिले’ असा एका वाक्याचा निकाल देण्यांत येतो. हा निकाल साधनांस धरून आहे काय, व परभणी जिल्ह्यांतील संग्राहकांनीं याविषयीं कोणते कागद राखावे, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हिंदुस्थानांतील पहिली यशस्वी टोंचणी मुंबईस ता. १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस झाली. लसीचें द्रव्य बगदाद-बसरा या मार्गानें आलें होतें. तिच्या दंडावरील फोडांतून तें पुढच्या मुलांस दिलें, व याच साखळीनें तें पुणें, सुरत, हैदराबाद इकडे पोंचलें. त्या काळीं लस एका मुलाच्या दंडावरून साधारण आठव्या दिवशीं दुसऱ्याच्या दंडावर नेत. अर्थात् लस घेणें म्हणजे परक्या घरच्या मुलाच्या अंगचें द्रव्य आपल्या मुलाच्या अंगांत घेणें, आणि पुनः आपल्या मुलाचा दुखरा हात दुसऱ्यासाठीं पुढें करणें. जातीची शंका, आईची नाखुषी व दुसरा रोग जडण्याची भीति हीं तिन्हीं कारणें या रीतींतच होतीं. पैकीं शेवटची भीति पोकळ नव्हती. इटलींत रिवाल्ता येथें १८६१ सालीं अशाच टोंचणीनें मुलांमध्यें उपदंश पसरला होता.

हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं एक प्रकरण विशेष ध्यानांत ठेवावें. १८१९ सालीं मद्रासच्या एका वृत्तपत्रांत असें प्रसिद्ध झालें कीं, ही टोंचणी धन्वंतरीच्या नांवावरील एका संस्कृत ग्रंथांत पूर्वींच सांगितलेली आहे. तो उतारा पुढें अनेक ग्रंथकारांनीं खरा मानून दिला. डॉमिनिक वुजास्टिक यांनीं १९८७ सालीं त्याची छाननी करून, तो सद्धेतूनें रचलेला बनावट आधार असल्याचें दाखविलें. मद्रासकडील अधिकारी एफ. डब्ल्यू. एलिस यानेंहि लसीस पौराणिक आधार देणारी रचना केली होती. लोक वैद्याच्या कौशल्याइतकाच सांगणाराचा अधिकार पाहतात, हें त्या काळच्या लस-प्रसारकांनीं ओळखलें होतें. मात्र त्यांनीं तो अधिकार उसना आणिला. लसीचा उल्लेख असलेली जुनी पोथी कोणास सांपडल्यास कागद, अक्षर व पूर्वपरंपरा तपासल्यावांचून तिचा हवाला देऊं नये.

प्लेगच्या काळीं हाच प्रश्न निराळ्या रूपानें आला. हाफकिन यांनीं ता. १० जानेवारी १८९७ रोजीं मुंबईस आपली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. आगाखान यांनीं ती आपल्या अनुयायांदेखत घेतली, आणि खोजा समाजांत तिचा प्रसार झाला. त्याच वर्षीं पुण्यास सोजिरांकडून झालेल्या घरझडतींनीं लोक इतके संतापले कीं, ता. २२ जून रोजीं रँडवर गोळी झाडली गेली. पुढें १९०२ सालीं पंजाबांत मुलकोवाल येथें टोंचून घेतलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. दोष प्रयोगशाळेचा नसल्याचें मान्य होण्यास १९०७ साल उजाडलें. तोंवर वार्ता सर्वत्र गेली होती. अशा अवधींत जो थांबला, त्यास केवळ अडाणी म्हणणें न्यायाचें नाहीं.

परभणीच्या संबंधांत आणखी एक गोष्ट आहे. मुंबई इलाख्यांतील १८७७ व १८९२ चे सक्तीच्या टोंचणीचे कायदे येथें लागू नव्हते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें येथील सरकारी दप्तराची भाषा आधीं फारसी व मग उर्दू, तर घरगुती कागद बहुधा मोडी. दोन्हीं लिप्या वाचणारा मनुष्य मिळाल्याखेरीज येथील लसीचा इतिहास लिहितां येणार नाहीं.

आतां करोना. ता. १६ जानेवारी २०२१ रोजीं टोंचणी सुरू झाली. कोव्हिशील्ड पुण्याची व कोव्हॅक्सिन हैदराबादची. परभणी या दोहोंच्या मधें. कोव्हॅक्सिनला परवानगी ता. ३ जानेवारीस, म्हणजे तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निकाल येण्यापूर्वीं, मिळाली. कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधील अंतर प्रथम चार, मग सहा ते आठ, आणि ता. १३ मे रोजीं बारा ते सोळा आठवडे झालें. ता. १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांस लस खुली झाली, पण साठाच पुरेना. यास्तव आंकड्यांत जो ‘न घेतलेला’ दिसतो, तो नाकारणारा, थांबलेला, कीं रांगेंतून रिकाम्या हातीं परतलेला, हें आंकडा सांगत नाहीं. ऑक्टोबरांत राज्य सरकारनें ‘मिशन कवच कुंडल’ काढलें. कर्णाची आठवण देणारें हें नांव म्हणजे पुराणाचा उघड व प्रामाणिक उपयोग होय. नोव्हेंबरांत मराठवाडा विभागांतच, तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांत, रेशन व पेट्रोल यांसाठीं लसीचा दाखला मागण्याचा हुकूम निघाला. त्यानंतर वाढलेल्या आंकड्यांत विश्वास किती व गरज किती, हें निवडून काढणें अवघड आहे.

म्हणून परभणी, गंगाखेड, पाथरी, जिंतूर इकडील संग्राहकांस आमची विनंति अशी : ग्रामपंचायतींचे जाहीर सूचनाफलक, दवंडीचे मसुदे, आशा सेविकांच्या वह्या, मशिदी व मंदिरांतून केलेल्या आवाहनांचे कागद, दाखल्यांच्या प्रती व मोबाइलवर फिरलेले खरेखोटे संदेश तारीखवार जमवावे. खासगी नांवें झांकावीं. नकाराचें कारण मात्र बोलणाऱ्याच्याच शब्दांत टिपावें. देवीच्या टोंचणीसंबंधीं टोंचणाराचें दप्तर उरलें, ज्या आईनें मूल लपविलें तिचें म्हणणें उरलें नाहीं. तिच्या नातवंडांविषयीं तरी तसें होऊं नये, इतकी सूचना करून हा लेख पुरा करतों.