साहेबांच्या घरचं जेवण
कचेरीतली करमणूक : भाग ९

आज स्लाऊला जायचं ठरलं होतं. रिकी जर्वेसची मूळ ब्रिटिश ‘ऑफिस’ आणि स्क्रँटनची अमेरिकन आवृत्ती यांची तुलना मी कबूल केली होती. ती पुढच्या रविवारी. मध्ये एका वाचकाचं पत्र आलं आणि माझा पाय घसरला. त्यांचा प्रश्न असा : ऑफिसवरच्या या अमेरिकन मालिकेतला, चाहते ज्याचं नाव हमखास घेतात तो ‘डिनर पार्टी’ हा भाग जवळजवळ सगळा ऑफिसबाहेर कसा?

माझं म्हणणं, तो ऑफिसातच घडतो. फक्त जागा साहेबांच्या घराची आहे.

सुरुवात आठवा. स्क्रँटन शाखेचा साहेब मायकेल स्कॉट जाहीर करतो, वरून हुकूम आलाय, उशिरापर्यंत थांबावं लागेल. सगळे आपापले बेत रद्द करतात. मग हाच पठ्ठ्या फोनवर वरच्यांशी भांडल्याचं नाटक करून सगळ्यांना मोकळं करतो आणि हाताखालच्या जिमला गाठतो : म्हणजे आज तू रिकामाच! आजवर किमान नऊ वेळा निसटलेला जिम कॅमेऱ्यासमोर मुकाट्याने दाद देतो. बायको आजारी, पाहुणे आलेत, गावाला जायचंय, सगळ्या सबबी आधीच कापून टाकलेल्या.

घरी गेल्यावर कळतं की मायकेललाही तिथे साहेब आहे. त्याच्यासोबत राहणारी जॅन एके काळी त्याची न्यूयॉर्कची वरिष्ठ होती. आता नोकरी गेलीय, पण अधिकार गेलेला नाही. तिच्या मेणबत्त्यांच्या धंद्याला स्वतंत्र खोली, आणि मायकेलला झोपायला पलंगाच्या पायथ्याशी एक बाकडं. जेवणाआधीच पाहुण्यांपुढे त्या धंद्यात दहा हजार डॉलर गुंतवायचा प्रस्ताव येतो. वासराची नळीची हाडं, म्हणजे ‘ओसो बुको’, अजून तीन तास शिजायचीत. तोवर कुणाच्याच पोटात काही नाही.

आणि तो टीव्ही! हे दृश्य मी किती वेळा पाहिलं असेल कोण जाणे. भिंतीवर एवढासा प्लाझ्मा, दोनशे डॉलरचा. मायकेल म्हणतो, कधीकधी मी नुसता उभा राहून तासन् तास बघतो. मग जागा वाचते हे दाखवायला तो टीव्ही दोन बोटांनी भिंतीकडे सरकवतो. सरकतो किती, तर वीतभरही नाही. जिम गंभीर चेहऱ्याने कौतुक करतो. चित्रीकरणात मात्र मायकेल झालेला स्टीव्ह कॅरेल आणि जिम झालेला जॉन क्रासिन्स्की यांना इथे हसू आवरत नव्हतं. चुकलेल्या टेकची फीत पाहिलीत तर अख्खं दृश्य पूर्ण कसं झालं याचंच नवल वाटतं.

पुढे भांडण पेटतं आणि जॅन हाताला लागलेली ‘डंडी’ फेकून तो टीव्ही फोडते. डंडी म्हणजे मायकेल दर वर्षी कर्मचाऱ्यांना वाटतो ते बक्षीस. साहेबांच्या घरातली एकुलती एक चैन ऑफिसच्या ट्रॉफीने फुटावी, यापेक्षा स्पष्ट उत्तर मला देता येणार नाही.

हशाची टेप नसल्याने हसायचं कुठे हे कुणी सांगत नाही. कॅमेरा मात्र सोफ्यावरच्या प्रत्येकाचा चेहरा गाठतो. या मालिकेचा मुख्य कॅमेरामन रँडल आइनहॉर्न ‘सर्व्हायव्हर’ या खऱ्याखुऱ्या स्पर्धेच्या कार्यक्रमातून आला होता, हे मागे लिहिलंच आहे. सावज कुठे पळेल याचा अंदाज त्याला असणारच. जिम घरात पाणी झाल्याची थाप मारून सोबत आलेल्या प्रेयसीला, पॅमला, मागे सोडून निघू पाहतो, तेव्हा कॅमेरा त्याच्याआधी पॅमच्या चेहऱ्यावर पोचलेला असतो.

ली आयझेनबर्ग आणि जीन स्टुपनित्स्की यांची ही पटकथा हॉलिवूडच्या लेखकांच्या संपाआधीच तयार होती. ५ नोव्हेंबर २००७ ला संप सुरू झाला. कॅरेल कामावर गेला नाही आणि चित्रीकरण अडलं. संप मिटला फेब्रुवारीत, आणि पॉल फिगने दिग्दर्शित केलेला हा भाग दिसला १० एप्रिल २००८ ला. पटकथेला एमीचं नामांकन मिळालं, बक्षीस ‘थर्टी रॉक’ने नेलं. हा निकाल मला आजही पटत नाही.

पुढच्या रविवारी स्लाऊ, नक्की. तोवर हा भाग पाहणार असाल तर जेवून बसा.