परतीची वाट चुकलेला प्रवाह

काही वर्षांपूर्वी, ऐन गळिताच्या हंगामात, बारावीच्या मुलामुलींना घेऊन मी एक साखर कारखाना दाखवायला गेलो होतो. बॉयलरच्या नियंत्रण कक्षात धुराड्याकडे जाणाऱ्या वायूंचे तापमान एका मीटरवर दिसत होते : १७० अंश सेल्सिअस. तेवढ्यात चालकाने धूर ओढून घेणाऱ्या मोठ्या पंख्याचा वेग थोडा वाढवला. लगेच आकडा उडाला. २३०, मग १९५, पुन्हा २२०. एका मुलीने विचारले, "सर, वायू इतक्या पटकन तापतो?" मी उत्तर देण्याआधीच चालक म्हणाला, "तापत नाही काही. पंख्याला नवीन ड्राइव्ह बसवल्यापासून हे मीटर असंच भरकटतंय. आम्ही त्याच्याकडे बघतच नाही."

हे शेवटचे वाक्य मला खटकले. ज्या मीटरकडे बघायचेच नाही असे ठरले, ते उद्या खरोखर धोक्याचा आकडा दाखवू लागले तरी कोण बघणार?

विद्यार्थी मित्रहो, मीटर बिघडलेले नव्हते. मोटरही उत्तम चालत होती. ड्राइव्हमध्येसुद्धा दोष नव्हता. मग हा खोटा संदेश मीटरपर्यंत पोचवला कोणी?

प्रथम मोटरचा विचार करू. घरातला मिक्सर चालू केला की जवळच्या रेडिओत खरखर होते, हे तुम्ही ऐकले असेल. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश फिरत्या भागावर घासतात, बारीक ठिणग्या उडतात, आणि त्या ठिणग्यांची ती खरखर असते. कारखान्यातील बहुतेक मोटरी मात्र निराळ्या, प्रवर्तन जातीच्या असतात. १८८८ साली निकोला टेस्ला यांना ज्यांची एकस्वे मिळाली, त्याच कुळातल्या. त्यांच्या फिरत्या भागाला वीज तारेने द्यावीच लागत नाही. बाहेरच्या वेटोळ्यांचे फिरते चुंबकीय क्षेत्र ती आत प्रवर्तित करते. ब्रश नाही, ठिणगी नाही. विजेच्या दृष्टीने अगदी शांत यंत्र.

या यंत्राची अडचण एकच. त्याचा वेग पुरवठ्याच्या वारंवारतेला बांधलेला असतो. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर चार ध्रुवांच्या मोटरमधील चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आणि मोटर त्याच्या किंचित मागे राहते. कमी वारा हवा असला तरी मोटर तेवढ्याच वेगाने फिरणार. म्हणून पूर्वी पंखा पूर्ण वेगात ठेवून वाटेतली झडप अर्धी लावून घेत. त्यात वीज फुकट जाई. पंख्याला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे जवळजवळ निम्म्याच शक्तीत काम होते. तेव्हा 'ड्राइव्ह काढून टाका' हा काही या दुखण्यावरचा उपाय नव्हे.

ड्राइव्ह करतो काय? तो ४१५ व्होल्टचा त्रिकला पुरवठा घेतो, त्याचा एकदिश दाब बनवतो आणि मोठ्या धारित्रांमध्ये, म्हणजे कपॅसिटरांमध्ये, साठवतो. हा दाब ४१५ ला २ च्या वर्गमुळाने गुणून येतो, सुमारे ५८७ व्होल्ट. नंतर इलेक्ट्रॉनिक स्विचे हा दाब सेकंदाला हजारो वेळा मोटरला जोडतात आणि तोडतात. या स्विचांना आयजीबीटी म्हणतात. चेन्नईत जन्मलेले आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेत काम करणारे बी. जयंत बलिगा यांचा त्यांच्या विकासात मोठा वाटा आहे; त्याबद्दल २०२४ साली त्यांना फिनलंडचे मिलेनियम तंत्रज्ञान पारितोषिक मिळाले. स्विच जास्त वेळ जोडलेले ठेवले तर सरासरी दाब जास्त, कमी वेळ ठेवले तर कमी. रहाटाच्या पोहऱ्यांतून पाणी तुटक तुटक पडते, पण पाटात ते सलग वाहते. तसेच मोटरच्या वेटोळ्यांत तुकड्या-तुकड्यांचा दाब जाऊन सलग, हव्या त्या वारंवारतेचा प्रवाह वाहतो.

आता गोम येथे आहे. स्विच अर्धवट उघडे असताना तापते. म्हणून ते शक्य तितक्या झटपट उघडायचे आणि मिटायचे. शून्यापासून जवळजवळ ६०० व्होल्टपर्यंतची उडी एक सेकंदाच्या एक कोट्यंशाच्या दुपटीत, म्हणजे ०.२ मायक्रोसेकंदात मारली जाते असे समजू. ज्या चपळाईमुळे वीज वाचते, त्याच चपळाईतून आपला उपद्रव जन्माला येतो.

कसा, ते पाहू. मोटरकडे जाणारी तार आणि तिच्या बाहेरचे धातूचे वेष्टण यांच्यामध्ये निरोधक असतो. दोन संवाहक आणि मध्ये निरोधक, म्हणजे झाले धारित्र! कोणी ते विकत आणले नाही, कोठल्या आराखड्यात ते दाखवलेले नाही, पण ते आहे. दहा मीटर केबलची धारकता सुमारे एक नॅनोफॅराड धरू. धारित्रातून वाहणारा प्रवाह म्हणजे धारकता गुणिले दाब बदलण्याचा वेग. घरच्या ५० हर्ट्झच्या, २४० व्होल्टच्या पुरवठ्यावर एवढ्या धारित्रातून जेमतेम ०.०७५ मिलिअँपिअर प्रवाह जातो. त्याची दखल कोण घेणार? पण ६०० व्होल्टची उडी ०.२ मायक्रोसेकंदात घेतली तर तोच हिशोब ३ अँपिअर दाखवतो. चाळीस हजारपट! हा प्रवाह क्षणभरच टिकतो, पण सेकंदाला हजारो वेळा येतो. केबल लांबली तर धारकता वाढते आणि गळणारा एकूण विद्युत्भारही वाढतो.

निरोधकातून 'गळालेला' हा प्रवाह पुढे कोठे जातो? तुम्ही पाठ केलेला नियम आठवा : प्रवाहाचे मंडल पूर्ण झाले पाहिजे. हा प्रवाह ड्राइव्हच्या धारित्रांतून निघाला, त्याला तेथेच परत जायचे आहे. केबलच्या वेष्टणात, मोटरच्या सांगाड्यात तो उतरतो आणि परतीची वाट शोधू लागतो. चांगली वाट मिळाली तर कोणाला न कळता घरी जातो. नाही मिळाली तर लोखंडी जिने, पाइप, शेजारच्या तारांची वेष्टणे, जे सापडेल त्यातून जातो.

आपल्या मीटरची तार नेमकी त्याच्या वाटेवर होती. धुराड्यातील तापमान थर्मोकपलने मोजतात. दोन निराळ्या धातूंच्या सांध्यावर उष्णतेमुळे निर्माण होणारा दाब त्यात मोजला जातो. कारखान्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या के-जातीच्या थर्मोकपलमध्ये हा दाब अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट असतो. म्हणजे मीटरला ६० अंशांनी फसवायला अडीच मिलिव्होल्ट पुरे. आणि शेजारून जात होते सहाशे व्होल्ट.

कारखान्यातील मंडळी स्वस्थ बसली नव्हती. 'अर्थिंग खराब असेल' असे ठरवून त्यांनी मीटरसाठी इमारतीपासून तीस मीटरवर वेगळा खड्डा खणला, त्यात मीठ-कोळसा घातला, तांब्याची जाड तार टाकली. उपयोग शून्य. कारण समजायला सोपे आहे, पण त्यासाठी रोध सोडून स्वयंप्रवर्तनाकडे पाहावे लागते. सरळ तारेचे स्वयंप्रवर्तन मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री असते. ३ अँपिअर प्रवाह ०.२ मायक्रोसेकंदात वाढायचा असेल तर मीटरभर तारेला १५ व्होल्ट लागतात. तीस मीटरला ४५० व्होल्ट! ओहममापकाला जी तार राजरस्ता वाटते, ती या चपळ प्रवाहाला जवळजवळ बंद आहे. शिवाय खड्ड्यात जाऊन तो करणार काय? त्याचे घर ड्राइव्हमध्ये आहे, जमिनीत नाही. अर्थिंग माणसाच्या सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक आहे, यात शंका नाही. पण सगळी विद्युत् घाण पोटात घेणारी विहीर ती नव्हे. उलट मुख्य अर्थिंगला न जोडलेला वेगळा खड्डा धोक्याचा, कारण दोष आला तर दोन खड्ड्यांच्या दाबांत मोठा फरक पडू शकतो.

शेवटी बाहेरून एक वयस्क फोरमन बोलावला गेला. पुढच्या हंगामात मी मुद्दाम जाऊन त्याने काय केले ते पाहून आलो. त्याने प्रथम ड्राइव्हच्या पेटीत डोकावून मोटरच्या केबलचे वेष्टण कसे जोडले आहे ते पाहिले. वेष्टणाच्या टोकाला हातभर लांब तार पिळून ती एका बोल्टखाली अडकवली होती. बोल्टच्या खाली पेटीचा रंग तसाच. रंग म्हणजे निरोधक. त्याने पोलिसकागदाने रंग घासून काढला आणि तांब्याचे वेष्टण असलेली नवी केबल घेऊन ते वेष्टण सर्व बाजूंनी पट्टीने पेटीच्या उघड्या धातूवर आवळले. मोटरच्या टोकालाही तसेच. आता परतीचा प्रवाह जाणाऱ्या प्रवाहाला लगटून वाहू लागला. दोघांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना खोडतात आणि बाहेर फार थोडे उरते.

मग थर्मोकपलच्या तारा त्याने मोटरच्या केबलच्या तबकातून उचलून दुसऱ्या तबकात नेल्या. जेथे ओलांडणे भागच होते तेथे काटकोनात ओलांडले. त्या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या होत्या ना, हेही त्याने तपासले. पिळामुळे शेजारच्या दोन वेढ्यांत प्रवर्तित होणारे दाब उलटसुलट होऊन वजा होतात. केबलभोवती फेराइटची कडी घालायची तयारीही त्याने ठेवली होती, पण ती लागली नाहीत. आकडा अंश-दोन अंशांत स्थिर झाला.

पुरवठ्याच्या बाजूसही ड्राइव्ह थोडा त्रास देतो. तो वीज सलग न घेता घोट-घोट घेतो, त्यामुळे २५० आणि ३५० हर्ट्झचे प्रवाह पुरवठ्यात मिसळतात. त्यांच्यासाठी चोक आणि गाळण्या लावतात. तो स्वतंत्र विषय आहे.

वाट चुकलेला प्रवाह मोटरच्या बेअरिंगमधूनही जाऊ शकतो, हे मात्र सांगायलाच हवे. बेअरिंगच्या गोळ्यांवरील वंगणाचा पातळ थर हा निरोधकच. आसावर दाब साठला की तो थर फुटतो, सूक्ष्म ठिणगी पडते आणि पोलादावर खड्डा उमटतो. असे असंख्य खड्डे मिळून कड्यावर ओळीने आडव्या खाचा पडतात आणि मोटर घरघरू लागते. नवे बेअरिंग काही महिन्यांत गेले, तर दोष बेअरिंग बनवणाऱ्याचाच असतो असे नाही.

हे सारे तुमच्या घरातही लहान प्रमाणात आहे. इन्व्हर्टर एसीमध्ये आणि बीएलडीसी जातीच्या छताच्या पंख्यात एकेक छोटा ड्राइव्हच असतो. मध्यम लहरींचा ट्रांझिस्टर रेडिओ मिळाला तर दोन स्थानकांच्या मधल्या शांत जागी लावा आणि एसीजवळ, एलईडी दिव्याजवळ, चार्जरजवळ नेऊन पाहा. किती अंतरावर खरखर विरते, याची वहीत नोंद करा. रेडिओ आडवा-उभा फिरवल्यावर काय फरक पडतो तेही लिहा. उपकरण उघडू मात्र नका : पुरवठा बंद केल्यावरही ड्राइव्हच्या धारित्रांत प्राणघातक दाब बराच वेळ राहतो.

त्या कारखान्यातला खड्डा अजून आहे. फोरमनने त्याची तार एका जाड पट्टीने मुख्य अर्थिंगला जोडून टाकली. उन्हाळ्यात एक शिपाई त्यात रोज दोन बादल्या पाणी ओततो. मीटर त्याच्यामुळेच सुधारले, असे त्याचे ठाम मत आहे.