पडद्यावरचा आकडा कागदावर येताना



ऊस गव्हाणीत पडला की त्याचा आकडा होतो. काट्यावरचे वजन, गट, उसाची जात, लागण की खोडवा, तोडणीची तारीख हे सारे संगणकात जाते आणि तेथून पडद्यावर येते. आजचे गाळप इतके, आजअखेर इतके, उतारा इतका. हल्ली हे रंगीत तक्त्यांत आणि आकृत्यांत दिसते, त्याला डॅशबोर्ड म्हणतात. ट्रॅक्टरच्या पुढ्यात काटे असतात तसेच हे समजा. पण ट्रॅक्टरचा काटा कोणी घरी नेत नाही. गाळपाचा आकडा मात्र न्यावा लागतो, कारण बिल आले की ताळा त्याच्याशीच करायचा. पडद्यावरचा आकडा फाईलमध्ये किंवा कागदावर उतरवून घेणे याला ऑफिसातली पोरे 'एक्सपोर्ट' म्हणतात. साखरेच्या निर्यातीशी त्याचा काही संबंध नाही!

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरविली. त्यावर दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे १०० टन ऊस घालणाऱ्या सभासदाला उताऱ्यातला एक दशांश टक्का ३,४६० रुपयांना पडतो. असा आकडा ऐकीव असून चालत नाही.

उतरवून घेण्याच्या तऱ्हा मुख्यतः तीन. पीडीएफ म्हणजे फोटो. होता तसा दिसतो, पण त्यात बेरीज-वजाबाकी करता येत नाही. एक्सेलची फाईल म्हणजे उघडी वही, तीत आकडे मांडता येतात, तसे कोणाला बदलताही येतात. तिसरी सीएसव्ही. तीत रंग नाही, रेघ नाही, स्वल्पविरामांनी तोडलेले नुसते आकडे. दाखवायला पीडीएफ, ताळ्याला एक्सेल, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

खरी गोम पुढे आहे. एक्सेल मोठ्या संख्येचे पहिले १५ आकडेच धरते, पुढच्यांचे शून्य करते. काही बँकांचे खातेक्रमांक १६ आकडी असतात. ती यादी सीएसव्हीतून एक्सेलमध्ये नुसती उघडून जतन केली की शेवटच्या आकड्याच्या जागी मुकाट्याने शून्य येते. संगणक कुरकुरतसुद्धा नाही. उसाचे पैसे मग कोठे जायचे? तसेच सभासद क्रमांकाचे. ००४५७ चा होतो ४५७, आणि दुसऱ्या यादीशी जुळत नाही. उपाय सोपा आहे. तो रकाना आधी 'टेक्स्ट' म्हणून ठरवायचा, मग आकडे घ्यायचे. मराठी नावांची खिचडी होते तीही बहुधा अशीच. फाईल युनिकोडमध्ये असते, पण उघडताना तसे सांगितलेले नसते.

दुसरी गोष्ट ओळींची. जुन्या एक्सेल फाईलमध्ये ६५,५३६ ओळीच मावत. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात करोनाचे १५,८४१ रुग्ण सरकारी आकड्यांतून गळाले ते ह्याच कारणाने. पॉवर बीआय नावाच्या प्रचलित प्रोग्रॅममध्ये आकृतीतून माहिती उतरवताना सीएसव्हीला ३० हजार आणि एक्सेलला दीड लाख ओळींची मर्यादा आहे. आता हिशेब करा. खेपेला २० टन धरले तरी ६ लाख टन गाळपाच्या ३० हजार खेपा झाल्या. त्यात बैलगाड्या आल्या की मर्यादा केव्हाच ओलांडली. म्हणून यादी हाती आली की खालची बेरीज पडद्यावरच्या बेरजेशी लावून पाहावी. जुळली तरच पुढे जावे.

पडद्यावर त्या वेळी एकच गट निवडलेला असेल तर उतरतो तोही तेवढाच. पण कागदावर तसे लिहून येईलच असे नाही. म्हणून गट, तारीख आणि वेळ वर लिहवून घ्यावी. रंगांचेही तसेच. २०२१ साली साखर आयुक्तालयाने एफआरपी देण्याच्या रीतीवरून कारखान्यांची रंगवार यादी काढली होती, उशीर करणारे लाल रंगात. तिची साधी झेरॉक्स काढली की लाल काय आणि हिरवा काय, सारे करडे!

आयुक्तालयाच्या गाळप अहवालात 'छत्रपती संभाजीनगर' असे दिसते, तो विभाग होय. पैठण, गंगापूर, वैजापूरचा आकडा म्हणून तो कोणी चावडीवर सांगू नये, त्यात जालना-बीडचे कारखानेही आहेत. आणि उतारा कमी दिसला की लगेच तावातावाने बोलू नये. २०१८ पासून बी हेवी मळीपासून इथेनॉल करण्यास मुभा मिळाली. साखरेचा काही अंश तिकडे गेला की पोत्यांवरून काढलेला उतारा घटतो. इथेनॉलकडे गेलेली साखर धरून की वगळून, हे आधी विचारावे. अहवालाच्या रकान्यावर हे लिहिलेलेच असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विचारायला संकोच नको. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे संस्थेशी झालेल्या आपल्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहता येतात. लेखी मागणी करून फी भरली तर महिन्याच्या आत नक्कल मिळते. अर्जात सभासद क्रमांक, हंगाम, गट नंबर लिहावा आणि खेपवार वजनाची यादी मागावी. घरातल्या पोराला संगणक येत असेल तर तीच यादी एक्सेलमध्येही मिळेल का, ते विचारावे. काट्याच्या पावत्या मात्र बिल जमा होईपर्यंत डब्यात जपून ठेवाव्यात, ताळा शेवटी त्यांच्याशीच करायचा आहे.